स्लोव्हेनिया नीट बघायचा असेल तर: मुक्काम, रस्ते, गुहा, तळी, सगळं क्रमाने

युरोप टूरच्या प्लॅनमध्ये स्लोव्हेनिया बहुतेक वेळा एका ओळीत येतो, "व्हेनिस ते व्हिएन्ना, वाटेत ब्लेड लेक". बस थांबते, तळ्याकाठी फोटो होतात, केक खाल्ला जातो आणि दोन तासांत मंडळी पुढे. देश लहान आहे म्हणून असं होतं, २०,२७१ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या साधारण २१ लाख. पण या एवढ्याशा जागेत आल्प्सचे बर्फाचे डोंगर आहेत, जमिनीखाली नद्या वाहणाऱ्या गुहा आहेत, एड्रियाटिक समुद्राचा जेमतेम ४७ किमीचा किनारा आहे आणि अर्ध्याहून जास्त देश जंगलाखाली आहे. म्हणून माझं म्हणणं एकच, इथे किमान सहा-सात रात्री द्या, आणि त्या सगळ्या एकाच हॉटेलात न घालवता दोन किंवा तीन मुक्काम करा. पुढे सगळं त्याच हिशोबाने लिहिलंय.

आधी कधी जायचं ते ठरवा

मे-जून किंवा सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य, हे सगळ्यात चांगले दिवस. जुलै-ऑगस्टमध्ये हवा मस्त असते, तळ्यात पोहता येतं, पण ब्लेडला एवढी गर्दी होते की पार्किंग शोधण्यातच सकाळ जाते आणि हॉटेलचे दरही चढलेले असतात. शाळेच्या सुट्टीमुळे आपल्याकडच्या लोकांना मे महिना सोयीचा पडतो आणि तो इथे खरंच सुंदर असतो, कुरणं फुलांनी भरलेली, धबधब्यांना बर्फ वितळून आलेलं भरपूर पाणी. फक्त एक लक्षात ठेवा, मेच्या सुरुवातीला उंचावरचे ट्रेक बर्फामुळे बंद असू शकतात आणि व्हर्शिच घाट (त्याबद्दल पुढे सांगतो) हिवाळ्यात बंद असतो तो उघडलाय का हे निघायच्या आधी बघून घ्यायचं. डिसेंबरमध्ये राजधानी ल्युब्लियानाची रोषणाई बघायला जाणारे पण असतात, ते ठीक आहे, पण मग डोंगर-दऱ्यांची ट्रिप होत नाही, शहर आणि गुहा एवढंच.

उन्हाळ्यात ज्युलियन आल्प्समध्ये दुपारनंतर ढग जमून विजा-पाऊस होणं अगदी नेहमीचं. म्हणून डोंगरातलं जे काही असेल ते सकाळी उरकायचं आणि दुपारी तळं, म्युझियम, कॉफी. एवढा एक नियम पाळला तरी निम्मी ट्रिप वाचते.

व्हिसा आणि पोचायचं कसं

स्लोव्हेनिया २००४ पासून युरोपियन युनियनमध्ये, २००७ पासून युरो आणि त्याच वर्षाच्या शेवटी शेंगेनमध्ये. म्हणजे शेंगेन व्हिसा लागतो. ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, रात्री सारख्याच असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार तिकडे. मोठ्या माणसाची फी ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांची ४५, वर व्हिसा सेंटरचा चार्ज वेगळा. ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान ३०,००० युरो कव्हरचा हवा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उन्हाळ्याच्या सीझनमध्ये अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्येच हे काम हातावेगळं करा. ज्यांनी गेल्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन नीट वापरलेत त्यांना आता भारतातून दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री व्हिसा मिळू शकतो, २०२४ पासून हा बदल झालाय, तुमच्या जुन्या पासपोर्टच्या कॉपी त्यासाठी जपून जोडा.

भारतातून ल्युब्लियानाला थेट विमान नाही. मुंबईहून फ्रँकफर्ट, म्युनिक, इस्तंबूल अशा कुठल्या तरी ठिकाणी बदलून जाता येतं, विमानतळ ब्र्निक गावापाशी, शहरापासून साधारण २५ किमी. पण तिकीट महाग वाटलं तर व्हेनिस, व्हिएन्ना किंवा झाग्रेबला उतरा आणि तिथून बस किंवा ट्रेन घ्या. क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये आल्यामुळे झाग्रेबवाला पर्याय आता एकाच व्हिसावर चालतो, आधी हे जमत नव्हतं. व्हिएन्नाहून थेट ट्रेन आहे, सहा तासांच्या आसपास, आणि वाटेत सेमरिंगचा जुना घाट लागतो त्यामुळे तो प्रवास वाया गेला असं अजिबात वाटत नाही. जर्मनी-ऑस्ट्रियात राहणारी आपली बरीच मंडळी लाँग वीकेंडला गाडीनेच येतात, त्यांच्यासाठी तर हा शेजारचाच देश.

गाडी घ्यायची का नाही

सरळ सांगतो. फक्त ल्युब्लियाना, ब्लेड, बोहिनचं तळं आणि पोस्तोयनाची गुहा करायची असेल तर गाडीची गरज नाही, बस आणि ट्रेन पुरेशा आहेत. सोचा नदीचं खोरं करायचं असेल तर गाडी घ्याच, तिथे बस आहेत पण कमी, आणि मजा मध्येच थांबण्यात आहे.

गाडी घेतली तर काय काय: भारतातलं लायसन्स आणि सोबत आरटीओतून काढलेलं इंटरनॅशनल परमिट. हायवेसाठी टोलनाके नाहीत, त्याऐवजी ई-व्हिन्येट घ्यावं लागतं, गाडीच्या नंबरवर ऑनलाइन, ७ दिवसांचं मिळतं. स्लोव्हेनियात भाड्याने घेतलेल्या गाडीवर ते बहुतेक आधीच असतं पण विचारून घ्या, आणि इटलीहून किंवा ऑस्ट्रियाहून गाडी आणत असाल तर हद्द ओलांडायच्या आधी स्वतः काढा, दंड जबरी आहे. शिवाय दुसऱ्या देशात गाडी नेणार हे भाड्याच्या कंपनीला आधीच सांगायचं. हेडलाइट दिवसाही चालू ठेवायचे, हा कायदाच आहे. हायवेवर १३०, गावाबाहेर ९०, गावात ५०. आपल्याला उजव्या बाजूने चालवायची सवय नसते त्यामुळे पहिल्या दिवशी विमानतळावरून थकून थेट घाटात शिरू नका, शहरात दोन दिवस पायी फिरा आणि गाडी तिसऱ्या दिवशी ताब्यात घ्या, तेवढं भाडंही वाचतं कारण ल्युब्लियानात गाडी नुसती पार्किंगचे पैसे खाते.

पहिला मुक्काम: ल्युब्लियाना, तीन रात्री

शहराचा मधला भाग गाड्यांसाठी बंद आहे, सगळं पायी. ज्यांना चालणं जमत नाही अशा वडीलधाऱ्यांसाठी 'कव्हालिर' नावाच्या छोट्या इलेक्ट्रिक गाड्या फिरतात, फुकट, हात दाखवून थांबवता येतात. २०१६ सालासाठी या शहराला युरोपची ग्रीन कॅपिटल म्हणून निवडलं होतं आणि ते नुसतं नावाला नाही हे नदीकाठी दहा मिनिटं बसलं तरी कळतं.

फिरायची सुरुवात प्रेशेरन चौकातून करा. मधोमध कवी फ्रांत्से प्रेशेरनचा पुतळा आहे, १९०५ सालचा. तो जिकडे बघतोय तिकडे समोरच्या वोल्फोवा रस्त्यावरच्या एका घराच्या भिंतीवर एका मुलीचा चेहरा आहे, ती युलिया प्रिमित्स, जिच्यावर त्याचं एकतर्फी प्रेम होतं. देशाचं राष्ट्रगीत त्याच्याच कवितेतलं कडवं आहे, आणि ८ फेब्रुवारीला त्याची पुण्यतिथी म्हणून अख्ख्या देशाला सुट्टी असते, संस्कृतीचा दिवस म्हणून. आपण कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी मराठी भाषा गौरव दिन करतो तसंच हे, त्यामुळे मराठी माणसाला त्या चौकात उभं राहून जरा आपलंसं वाटतं.

चौकाला लागूनच तीन पूल एकमेकांशेजारी, ट्रोमोस्तोव्ये. मधला जुना, बाजूचे दोन पायी चालणाऱ्यांसाठी योझे प्लेचनिक या आर्किटेक्टने जोडले. हा माणूस (१८७२-१९५७) म्हणजे ल्युब्लियानाचा खरा शिल्पकार. पूल, नदीचे काठ, बाजाराची खांबांची लांब कमान, राष्ट्रीय ग्रंथालय, स्मशानभूमीसुद्धा, शहरात जिकडे बघाल तिकडे त्याचं काम आहे आणि २०२१ मध्ये युनेस्कोने हे सगळं मिळून जागतिक वारसा यादीत घेतलं. इतर राजधान्यांसारखं डोळे दिपवणारं यात काही नाही, माणसाने चालावं, बसावं, एकमेकांशी बोलावं म्हणून केलेलं काम आहे. ग्रंथालयात गेलात तर जिना चुकवू नका, ३२ काळसर दगडी खांबांमधून अंधारातून उजेडाकडे चढत जातो. आणि आवड असेल तर त्रनोवो भागातलं त्याचं घर म्युझियम म्हणून ठेवलंय, तिथे त्याचं कामाचं टेबल, पेन्सिली, सगळं बघता येतं, मला विचाराल तर ल्युब्लियानात एकाच ठिकाणी तिकीट काढायचं असेल तर ते इथे काढा.

तिथून नदीकाठाने ड्रॅगन पुलावर. १९०१ चा पूल, चार कोपऱ्यांवर हिरवट तांब्याचे चार ड्रॅगन, मुलं इथून हलत नाहीत. मग फ्युनिक्युलरने (दोरीने चढावर ओढली जाणारी छोटी रेल्वे) किंवा पायी १५-२० मिनिटांत किल्ला. किल्ल्याच्या अंगणात जायला पैसे लागत नाहीत, तिकीट फक्त टॉवर आणि प्रदर्शनांना. संध्याकाळी जा, आकाश स्वच्छ असेल तर उत्तरेला आल्प्सची रांग दिसते. शुक्रवार पडत असेल तर तो ल्युब्लियानातच ठेवा कारण मार्चच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस नसेल तर बाजारापाशी 'ओदप्रता कुह्ना' भरतं, देशभरचे आचारी उघड्यावर तुमच्यासमोर रांधतात, एका जागी सगळं चाखता येतं.

इथूनच एक दिवस गुहांचा

हा दिवस कसा लावायचा यात लोकांचा गोंधळ होतो म्हणून जरा सविस्तर. मोठ्या गुहा दोन आहेत, पोस्तोयना आणि श्कोत्सियान, आणि दोन्ही एकमेकींहून अगदी वेगळ्या.

पोस्तोयना २४ किमी लांबीची, आत चक्क रेल्वे आहे, १८७२ पासून, सुरुवातीला गाडी माणसं ढकलायची. आता इलेक्ट्रिक गाडीत बसून आत जायचं, मग साधारण दीड किमी चालायचं, परत गाडीने बाहेर, एकूण दीड तास. रस्ता सोपा, पायऱ्या जवळजवळ नाहीत, आजी-आजोबा आणि लहान मुलं दोघांना जमतं. इथेच तो प्रोटियस असतो, फिकट गुलाबी, आंधळा, अंधारात राहणारा प्राणी, तिथले लोक त्याला मानवी मासा म्हणतात, हा शंभर वर्षांपर्यंत जगू शकतो आणि कित्येक वर्षं न खाता राहू शकतो. २०१६ मध्ये इथे लोकांच्या डोळ्यांदेखत त्याच्या अंड्यांतून पिल्लं बाहेर आली तेव्हा जगभर बातमी झाली होती. आत तापमान वर्षभर १० डिग्रीच्या आसपास, बाहेर ३० असलं तरी जॅकेट लागतंच.

पोस्तोयनापासून नऊ-दहा किमीवर प्रेदयामा किल्ला, १२३ मीटर उंच कड्याच्या मधोमध गुहेच्या तोंडात बांधलेला. पंधराव्या शतकात एराझेम नावाचा सरदार इथे वेढ्यात अडकला आणि मागच्या गुहेतल्या गुप्त वाटेने रसद आणत बराच काळ टिकून राहिला अशी कथा आहे, फितुरीने मारला गेला म्हणतात. किल्ले बघण्याची ज्यांना आपल्याकडे सवय आहे त्यांना इथे पाणी कसं साठवलंय, वाट कुठून आहे, हे बघण्यात दोन तास कमी पडतील. दोन्हींचं कॉम्बो तिकीट ऑनलाइन घ्या, वेळ ठरवून, उन्हाळ्याच्या मोसमात कॉम्बोवाल्यांसाठी शटल बस असते, एरवी गाडी किंवा टॅक्सी.

श्कोत्सियान १९८६ पासून युनेस्कोच्या यादीत. इथे रेल्वे नाही, रंगीत दिवे नाहीत. रेका नदी डोंगरात शिरते आणि जमिनीखाली एक प्रचंड दरी कोरत जाते, तुम्ही त्या दरीच्या कडेने चालता आणि एका ठिकाणी नदीपासून ४५ मीटर उंचावरचा अरुंद पूल ओलांडता, खाली काळोखात पाण्याचा आवाज. गुहेत फोटोला बंदी आहे आणि ते बरंच आहे, सगळे जण बघतात. चालणं तीन किमीच्या आसपास, पायऱ्या पाचशेच्या घरात, गुडघे दुखत असतील तर नको. दिवाचा स्टेशनवर उतरून पायी पण जाता येतं, तीनेक किमी आहे.

दोन्ही एका दिवसात करू नका, दुसरी गुहा डोक्यात शिरतच नाही. घरातली सगळी पिढी सोबत असेल तर पोस्तोयना आणि प्रेदयामा. चालणारे असाल तर बिनधास्त श्कोत्सियान, आणि दोन्हीत जास्त काय आवडलं असं विचारलं तर मी डोळे मिटून श्कोत्सियान सांगेन.

दुसरा मुक्काम: ब्लेड जवळ, पण ब्लेडमध्येच नाही

ल्युब्लियानाहून ब्लेड ५५ किमी, बसने सव्वा तास, तळ्याजवळ उतरवते. ट्रेनने जाणार असाल तर लेस्त्से-ब्लेड स्टेशनवर उतरून पुढे लोकल बस धरायची, हे माहीत नसेल तर गोंधळ होतो कारण ब्लेड येझेरो नावाचं दुसरं स्टेशन पण आहे, ते तळ्याच्या दुसऱ्या टोकाला आणि वेगळ्या लाइनवर.

राहायला मी दोन जागा सुचवतो. एक बोहिन, म्हणजे तळ्याकाठचं रिबचेव्ह लाझ किंवा शेजारचं स्तारा फुझिना गाव, शांत, स्वस्त, डोंगराच्या कुशीत. दुसरी राडोव्ल्यित्सा, ब्लेडपासून सातेक किमीवरचं जुनं गाव, मुख्य रेल्वे लाइनवर असल्यामुळे गाडी नसलेल्यांना फार सोयीचं. तिथे मधमाशीपालनाचं म्युझियम आहे. स्लोव्हेनियात मधमाशी म्हणजे घरातलं माणूस, पोळ्यांच्या पेट्यांच्या दर्शनी फळ्यांवर चित्रं रंगवायची यांची जुनी परंपरा आहे, धार्मिक प्रसंग, गावातल्या गमती, सगळं त्या फळ्यांवर. २० मे हा जागतिक मधमाशी दिन यांच्याच पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०१७ मध्ये जाहीर केला, तारीख घेतली ती अंतोन यान्शा या अठराव्या शतकातल्या मधमाशीपालकाच्या आठवणीत.

ब्लेडचा दिवस असा लावा. सकाळी सातच्या आत तळ्यावर पोचा, खरंच सातच्या आत, पाणी स्थिर असतं, बेटावरच्या चर्चचं प्रतिबिंब दिसतं आणि टूरच्या बसेस अजून आलेल्या नसतात. आधी माला ओसोयनित्सा किंवा ओयस्त्रित्साच्या टेकडीवर चढा, फोटोंत जे वरून दिसणारं ब्लेड बघता ते इथलंच, वेलिका झाका भागातून वाट जाते, चढ खडा आहे आणि पावसानंतर घसरडा, बूट चांगले हवेत. खाली आलात की प्लेत्ना, म्हणजे नावाड्याने उभं राहून वल्हवायची छत असलेली होडी, बेटावर नेते आणि वर थांबून परत आणते. पैसे शक्यतो रोख ठेवा. बेटावर ९९ पायऱ्या, लग्नात नवऱ्याने नवरीला उचलून या चढायच्या अशी प्रथा. चर्चमध्ये इच्छा मनात धरून घंटा वाजवायची, तिला वेगळं तिकीट आहे.

मग दुपारी तळ्याभोवतीचा ६ किमीचा सपाट रस्ता, आई-वडिलांना घेऊन आरामात दीड-दोन तास. किल्ला (पहिला उल्लेख १०११ मधला) बघायचाच असेल तर बघा पण आतल्या वस्तूंपेक्षा गच्चीवरून दिसणारं दृश्य हेच त्याचं मुख्य आकर्षण आणि ते टेकडीवरून फुकट बघून झालेलं असतं. क्रीम केक मात्र खा. वर-खाली कुरकुरीत पापुद्रा, मध्ये कस्टर्ड आणि क्रीमचा जाड थर, १९५० च्या दशकापासून इथल्या हॉटेल पार्कमध्ये बनतोय. अंडं असतं त्यात, न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी विंतगर दरी. ब्लेडपासून चार किमी, राडोव्ना नदीने कापलेली १.६ किमीची घळ, कड्याला टांगलेल्या लाकडी फळ्यांवरून चालायचं, खाली हिरवंगार पाणी. ही वाट १८९३ मध्ये लोकांसाठी उघडली. तिकीट वेळेनुसार आहे, आधीच ऑनलाइन काढा, आणि वाट एकदिशा आहे म्हणजे शिरलात तिथून परत येता येत नाही, दुसऱ्या टोकाने बाहेर पडून टेकडीवरून फिरून यावं लागतं, तर एकूण तीन तास धरा. हिवाळ्यात बंद असते.

आणि मग बोहिन. ब्लेडपासून २६ किमी, बस आहे. स्लोव्हेनियातलं सगळ्यात मोठं बारमाही नैसर्गिक तळं, त्रिग्लाव नॅशनल पार्कच्या आत, देशातलं एकमेव नॅशनल पार्क. काठावर मोठी हॉटेलं नाहीत, दगडी पूल, छोटं चर्च, मागे सरळ उभे डोंगर. इथे काय करायचं तर वोगेलची केबल कार घ्यायची, ती १,५३५ मीटरवर नेते आणि हवा स्वच्छ असेल तर समोर त्रिग्लाव दिसतो, २,८६४ मीटर, देशाच्या झेंड्यावरचा तीन शिखरांचा डोंगर तो हाच. ढग असतील तर पैसे घालवू नका, खाली वेबकॅमवर वरची स्थिती दाखवतात ती बघूनच तिकीट काढा. मग साविट्सा धबधबा, पाचशेहून जास्त पायऱ्या, ७८ मीटर उंचीवरून कड्यातून पाणी पडतं. आणि बाकी वेळ तळ्याकाठी. पाणी थंड असतं पण जुलै-ऑगस्टमध्ये पोहता येतं. ब्लेड बघायला एक दिवस पुरतो, बोहिनला मात्र दोन दिवस द्या, इथे काही 'पॉइंट' उरकायचे नसतात, नुसतं राहायचं असतं, आणि असं राहायला जागा मिळणं म्हणजेच सुट्टी असं मला मनापासून वाटतं.

तिसरा मुक्काम: सोचाचं खोरं (गाडीवाल्यांसाठी)

क्रांस्का गोरा गावातून व्हर्शिच घाट सुरू होतो. १,६११ मीटरची खिंड, एकूण ५० वळणं, चढताना २४ आणि उतरताना २६, प्रत्येकाला नंबर दिलेला. पहिल्या महायुद्धात हा रस्ता रशियन युद्धकैद्यांकडून बांधून घेतला, १९१६ मध्ये हिमकडा कोसळून त्यातले कितीतरी गाडले गेले. वाटेत आठव्या वळणाजवळ त्यांच्या आठवणीत सोबत्यांनी बांधलेलं लाकडी चॅपेल आहे, थांबा तिथे. सकाळी लवकर निघा, वळणांवर दगडी फरशी असते ती ओली असली तर हळू, आणि सायकलवाले, मोटरसायकलवाले भरपूर असतात.

पलीकडे उतरलं की सोचा नदी भेटते आणि तिचा रंग बघून गाडी आपोआप बाजूला घेतली जाते. पाचूसारखा निळा-हिरवा, फोटोला फिल्टर लावलाय असं वाटतं पण नाही. वेलिका कोरिता म्हणजे मोठी घळ, ७५० मीटर लांब, रस्त्यालगतच आहे. राफ्टिंग करायचं तर बोवेत्समध्ये, सीझन साधारण एप्रिल ते ऑक्टोबर, पोहता येत नसलं तरी जॅकेट देतात पण पाणी बर्फासारखं गार असतं हे माहीत असू द्या.

बोवेत्सच्या खाली कोबारिद. १९१५ ते १९१७ मध्ये या खोऱ्यात इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्यात बारा लढाया झाल्या, डोंगरमाथ्यावर, बर्फात. कोबारिदचं म्युझियम छोटं आहे, पण सैनिकांच्या बाजूने युद्ध दाखवतं, कोण जिंकलं यात ते शिरतच नाही. गावावरच्या टेकडीवर इटालियन सैनिकांचं स्मारक, सात हजारांहून जास्त जणांचे अवशेष तिथे आहेत. म्युझियम बघून मग कोझ्याक धबधब्याला चालत जा, अर्ध्या-पाऊण तासाची सोपी वाट, वाटेत तेव्हाचे खंदक लागतात.

गाडी नसेल आणि तरी हे खोरं बघायचंय तर १९०६ ची बोहिन रेल्वे आहे, येसेनित्से ते नोवा गोरित्सा, बोहिनच्या बोगद्यातून मोस्त ना सोची आणि शेवटी सोलकानचा पूल, ८५ मीटरची दगडी कमान, रेल्वेच्या दगडी कमानींत जगातली सगळ्यात मोठी. ट्रॅकचं काम चालू असलं की मधला भाग बसने नेतात, वेळापत्रक आदल्या दिवशी बघा.

समुद्र हवा असेल तर

पिरानला एक रात्र. शेकडो वर्षं व्हेनिसच्या राज्यात होतं त्यामुळे गल्ल्या, घंटाघर, सगळं त्या थाटाचं, पण गर्दी त्यामानाने कमी. मधल्या चौकाला व्हायोलिनवादक ज्युसेप्पे तार्तिनीचं नाव, तो इथेच १६९२ मध्ये जन्मला. जुन्या गावात गाडी जात नाही, बाहेर फोर्नाचे पार्किंगला लावून शटलने आत. सूर्यास्ताला तटबंदीवर चढा. दुसऱ्या दिवशी सेचोव्ल्येची मिठागरं, जुन्या पद्धतीने हाताने मीठ काढतात. ट्रेन फक्त कोपरपर्यंत आहे, पुढे बस. वाळूचा बीच शोधत असाल तर निराश व्हाल, इथे किनारा दगडी आणि काँक्रीटचा.

खाणं, पैसे आणि रविवार

शाकाहारी लोकांची अडचण होते पण उपासमार होत नाही. श्त्रुक्ली म्हणजे पिठाच्या गुंडाळीत चीज, कधी गोड कधी तिखटाशिवाय खारी, हे सगळीकडे मिळतं. मशरूमचं सूप, बकव्हीटचे पदार्थ, पिझ्झा आहेच. सूप आणि उसळीसारख्या योतामध्ये डुकराचं मांस असू शकतं त्यामुळे "ब्रेझ मेसा" म्हणजे मांस नको, हे सांगून घ्या. इद्रियाचे झ्लिक्रोफी बटाट्याचं सारण भरलेले असले तरी सारणात चरबी असते, विचारा. मोठ्या कुटुंबाने किचनवाला अपार्टमेंट घेतला तर निम्मा प्रश्न सुटतो, खिचडीचं सामान बॅगेत असलं की झालं.

पण एक महत्त्वाचं, २०२० च्या कायद्यामुळे रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी बहुतेक सगळी सुपरमार्केट बंद असतात. शनिवारी दूध, ब्रेड, भाजी आणून ठेवा. पेट्रोल पंपावरची दुकानं चालू असतात, तिथे महाग मिळतं. नळाचं पाणी बिनधास्त प्या, पिण्याच्या पाण्याचा हक्क यांनी २०१६ मध्ये राज्यघटनेतच लिहिलाय, बाटली सोबत ठेवा आणि भरत राहा. कार्ड सगळीकडे चालतं, डोंगरावरच्या झोपड्या आणि होड्यांसाठी थोडे युरो रोख. आपला पातळ दोन पिनांचा चार्जर तिथल्या सॉकेटमध्ये बसतो, तीन पिनांच्या प्लगला अडॅप्टर लागेल. अडचण आली तर ११२.

परतीच्या आदल्या रात्री ल्युब्लियानात या, थेट बोवेत्सहून विमान गाठायचा विचार करू नका, घाटात एक ट्रक अडकला तरी सगळं चुकतं. बाजारातून मध, पिरानचं मीठ आणि अक्रोडाची पोतित्सा (सारण भरून गुंडाळलेला गोड ब्रेड) घ्या, पोतित्सा दोन-चार दिवस टिकते म्हणून ती शेवटच्या सकाळीच. मध चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेवायचा, केबिनमध्ये १०० मिलीच्या वरची बाटली सिक्युरिटीला काढून घेतात.